चारबागेचा प्रवास

आग्र्याला ताजमहाल पाहावयास गेलात म्हणजे आपली नजर मधल्या पाण्यावरून, दोन्ही बाजूंच्या हिरवळीवरून थेट त्या पांढऱ्या घुमटावर जाते. हीच शहाजहानची बाग, असे समजून आपण परततो. पण जरा थांबा! ती मोकळी हिरवळ शहाजहानची नव्हे.

ही गोष्ट उमजायची तर आधी इराणात गेले पाहिजे. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात सायरस राजाने पासार्गादे येथे बाग केली. तिच्यातील दगडी पाटांचे अवशेष आजही पाहावयास मिळतात. मुलूख कोरडा, पाणी मोजके. ते पाटांनी खेळवायचे आणि पाटांच्या आधाराने झाडे लावायची, ही तिथली रीत. पुढे पाटांनी जमिनीचे चार भाग करण्याची पद्धत रूढ झाली. तीच चारबाग. म्हणजे या राजेशाही थाटाचे मूळ शेतकऱ्याच्या पाटात आहे, बरं का!

ही बाग बाबर आपल्याबरोबर घेऊन आला. १५२६ साली तो आग्र्यास पोचला, तेव्हा इथे वाहते पाणी नाही म्हणून तो फार खट्टू झाला. आत्मचरित्रात त्याने तशी तक्रारच लिहून ठेवली आहे. पण स्वस्थ बसला नाही. यमुनाकाठी विहीर खोदून घेतली, हौद बांधला, गुलाब आणि नर्गिस ओळीने लावले. त्याच्या सरदारांनीही बागा केल्या. तेव्हा इथले लोक नदीच्या त्या काठाला ‘काबूल’ म्हणू लागले! परक्याची हौस लोकांनी कशी चटकन ओळखली पाहा.

शंभर वर्षांनी ताज उभा राहू लागला, तोवर ती बाग परकी उरली नव्हती. फ्रेंच प्रवासी बर्निये याने तिथली मधली वाट बागेच्या जमिनीपासून चांगली उंच असल्याचे आणि बाजूच्या वाटांवर झाडांची छाया असल्याचे लिहिले आहे. तेव्हाची बाग दाट झाडाफुलांची होती. मग १८९९ ते १९०५ या काळात लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय होता. त्याने ताजची डागडुजी मनापासून केली, हे मान्य केलेच पाहिजे. पण इंग्रजाला हिरवळीची सवय. इमारत दुरून दिसावी म्हणून झाडी विरळ झाली आणि हिरवळ पसरली.

पुढे दिल्लीत लटेन्सने व्हाइसरॉयच्या प्रासादामागे बाग आखली. एकमेकांना छेदणारे पाट मोगली, फुलांचे ताटवे आणि हिरवळ इंग्रजी. १९२८-२९ मध्ये मस्टो या उद्यानतज्ज्ञाने तिची लागवड केली. मोगल उद्यान म्हणून गाजलेली ही बाग २०२३ पासून अमृत उद्यान झाली. नाव बदलले तरी पाट मात्र चारबागेचेच.

मग खरी बाग कोणती? इराणची, बाबराची की लटेन्सची? मला वाटते, हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. बाग उसनी आणता येते. पाणी, माती आणि माळ्याचे हात मात्र इथलेच असतात. प्रत्येकाने तिच्यात आपले काही घातले, यात बिघडले नाही. बिघडते ते आधीचे पुसले गेल्याचे कुणाच्या ध्यानातच राहत नाही तेव्हा. दिल्लीला हुमायूनच्या कबरीभोवतीचे पाट २००३ साली पुन्हा वाहते केले, ते म्हणूनच मोलाचे.

औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, बीबीचा मकबरा पाहाल तेव्हा घुमटाकडे जाण्यापूर्वी घटकाभर पाटापाशी उभे राहा. तिथेही इमारत चारबागेच्या मधोमध आहे. पाणी कुठून येत होते, सावली कुठे पडत होती, एवढे मनाशी विचारा. इतिहास घुमटापेक्षा तिथे अधिक बोलेल.