क्रांतिक बिंदूजवळचं उत्कलन : प्रस्तावना

पुणे-सातारा रस्त्यावर नसरापूर, कापूरहोळच्या बाजूला मोठ्या हॉटेलांच्या मागे गॅस सिलिंडरची रांग जोडलेली दिसते. गर्दीच्या वेळी सगळ्या शेगड्या पेटल्या की सिलिंडरच्या खालच्या भागावर दव धरतं. थंडीत कधी बर्फाचा पापुद्राही. आत द्रवरूप प्रोपेन-ब्यूटेन उकळत असतं आणि त्यासाठीची उष्णता पत्र्यातून बाहेरच्या हवेकडून खेचत असतं. तो पत्रा म्हणजेच तिथला हीट एक्स्चेंजर. वायू पुरेनासा झाला की गरम पाण्याचा व्हेपरायझर बसवतात आणि काम भागतं. जास्त तापवा, जास्त उकळेल. हा अनुभव खराच आहे, पण या पुस्तकाचा विषय जिथे सुरू होतो तिथे नेमका तोच दगा देतो.

दाब बदलला की उत्कलनबिंदू बदलतो. वेल्ह्याच्या डोक्यावरच्या तोरण्यावर, सुमारे १,४०० मीटर उंचीवर, पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. दाब वाढवत नेला की उलट घडतं. प्रोपेन वातावरणाच्या दाबाला उणे ४२ अंशांवर उकळतो, तर ३८ बारच्या जवळपास ९० अंशांवर. आणखी थोडं पुढे, ९६.७ अंश आणि ४२.५ बारला, द्रव आणि बाष्प यांतला भेदच मिटतो. हाच क्रांतिक बिंदू. टॉमस अँड्र्यूज यांनी १८६९ मध्ये कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत तो ३१ अंशांच्या आसपास दाखवून दिला.

या टोकाकडे जाताना अप्रकट उष्मा झपाट्याने घटतो; ९० अंशांवर प्रोपेनचा तो वातावरणीय दाबाच्या मानाने जेमतेम एक तृतीयांश उरतो. पृष्ठताणही नाहीसा होत जातो. बुडबुडे बारीक होतात, सहज सुटतात, आणि उष्णता-संक्रमणाचा गुणांक कागदावर फारच देखणा येतो. नवशिका खूश होऊन एक्स्चेंजरच्या ट्यूब कमी करतो. मेख इथेच आहे.

चिकेली आणि बोनिला यांनी १९४५ मध्ये प्रोपेन, पेंटेन, बेंझीन असे द्रव वाढत्या दाबाखाली उकळून पाहिले. पृष्ठभाग जास्तीत जास्त किती उष्णता सोसतो याची कमाल मर्यादा क्रांतिक दाबाच्या साधारण एक तृतीयांशावर सापडली. त्यापुढे ती घसरत शून्याकडे जाते. मोस्टिन्स्कीच्या सूत्राने प्रोपेनचा हिशोब केला तर एकट्या ट्यूबसाठी ही मर्यादा क्रांतिक दाबाच्या ३० टक्क्यांवर चौरस मीटरला साधारण ७४० किलोवॉट येते, ९५ टक्क्यांवर अवघी १००. ती ओलांडली की ट्यूबभोवती बाष्पाचा पडदा धरतो. मग ऑपरेटर वाफेचा व्हॉल्व्ह आणखी उघडतो आणि एक्स्चेंजर आणखी मंदावतो. उपाय उलटा आहे : गरम बाजूचं तापमान उतरवायचं आणि क्षेत्रफळ वाढवायचं. डोनाल्ड कर्न यांच्या १९५० च्या पुस्तकात सेंद्रिय द्रवांच्या नैसर्गिक अभिसरणासाठी चौरस मीटरला सुमारे ३८ किलोवॉटची मर्यादा घातली आहे. तिला जुनाट म्हणून हसणारे पुष्कळ आहेत. मला ती अजूनही शहाणपणाची वाटते.

इतर अडचणीही क्रांतिक बिंदूच्या या जवळिकीतूनच फुटतात. थर्मोसायफन रीबॉयलर द्रव आणि बाष्प यांच्या घनतेतल्या फरकावर चालतो. फरक आटला की अभिसरण थंडावतं. केटल रीबॉयलरमध्ये बाष्पाबरोबर द्रवही वर ओढला जातो. विशिष्ट उष्मा अचानक उसळतो, त्यामुळे दोन टोकांच्या तापमानांवरून काढलेला सरासरी फरक निरुपयोगी ठरतो. एक्स्चेंजरचे तुकडे पाडून एकेकाचा हिशोब मांडावा लागतो. सूत्रांपेक्षा या तुकड्यांनाच पुस्तकात जास्त जागा दिली आहे.

भोरहून वरंधा घाट उतरलं की कोकण. तिथे नागोठण्याच्या कारखान्यात इथेन येतो. त्याचं क्रांतिक तापमान फक्त ३२ अंश, म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी तिथली हवासुद्धा ते ओलांडते. दाभोळसारख्या टर्मिनलवर उणे १६२ अंशांचा द्रवरूप नैसर्गिक वायू पाइपलाइनच्या दाबाला चढवून तापवतात. हा दाब त्यातल्या मुख्य घटकाच्या, मिथेनच्या, ४६ बारच्या क्रांतिक दाबाच्या बराच वर असला, तर उकळणं असं काही घडतच नाही. एकही बुडबुडा न फुटता द्रवाचा वायू होतो.

डिप्लोमाच्या विद्यार्थ्यालाही यात शिरता येईल. प्रोपेनच्या गुणधर्मांचा तक्ता, आलेखाचा कागद आणि कॅल्क्युलेटर घ्यावा. मोस्टिन्स्कीच्या सूत्राने वर सांगितलेली मर्यादा क्रांतिक दाबाच्या दर पाच टक्क्यांना काढून वक्र स्वतःच्या हाताने रेखावा. पहिलं प्रकरण त्या वक्राच्या उतरत्या बाजूवर सुरू होतं.