अज्ञान आणि दुष्कृत्य (ग्रीक नीतिविचार)

जाणूनबुजून कोणी वाईट वागत नाही, वाईट हातून घडते ते अज्ञानामुळे, असे सॉक्रेटिसचे (इ. स. पू. सु. ४७०–३९९) मत. त्याने स्वतः काही लिहून ठेवले नाही; हे मत आपल्याला मुख्यतः प्लेटोच्या संवादांतून कळते. ग्रीक तत्त्वज्ञ पुढे कित्येक शतके त्यावर वाद घालत राहिले. मराठीत ज्याला ‘कळतं पण वळत नाही’ म्हणतात, त्या अवस्थेला ग्रीक शब्द ‘अक्रासिया’, म्हणजे स्वतःवर ताबा नसणे. सॉक्रेटिसच्या मते ही अवस्था संभवतच नाही. वळत नसेल, तर मुळात कळलेलेच नाही.

‘प्रोटॅगोरस’ या संवादात त्याने हा मुद्दा मोजमापाच्या अंगाने मांडला आहे. जवळची वस्तू मोठी आणि दूरची लहान दिसते. तसेच हाताशी आलेले सुख मोठे भासते आणि त्यापायी उद्या भोगावे लागणारे दुःख लहान. अमका मोहाला बळी पडला असे लोक म्हणतात, तेव्हा खरे तर त्याचा हिशेब चुकलेला असतो. या युक्तिवादात सुख म्हणजेच हित असे धरले आहे. ते सॉक्रेटिसचे स्वतःचे मत, की वादापुरते घेतलेले लोकमत, याबद्दल अभ्यासकांत एकवाक्यता नाही.

हे अज्ञान म्हणजे माहितीची उणीव नव्हे. आपल्याला कळते अशा खात्रीने बसलेल्या अज्ञानाला प्लेटो ‘अमाथिया’ म्हणतो. त्यासाठी ‘अविद्या’ हा वेदान्तातला शब्द वापरण्याचा मोह होतो, पण तो टाळलेला बरा : अविद्या झाकते ते ब्रह्मस्वरूप, इथे प्रश्न जगावे कसे एवढाच आहे.

प्लेटोने ‘रिपब्लिक’मध्ये आत्म्याचे तीन भाग कल्पिले आणि वासना विवेकाला झुगारू शकते हे मान्य केले. लिओन्टिअसची गोष्ट तिथलीच. वधस्थळाजवळची प्रेते पाहण्याची त्याला किळसही येते आणि ओढही वाटते. अखेर तो आपल्याच डोळ्यांना शिव्या देत धावत जाऊन ती पाहतो. तरीही ‘लॉज’ या अखेरच्या ग्रंथात, स्वखुशीने कोणी दुष्ट होत नाही, हे मत प्लेटोने सोडलेले नाही.

ॲरिस्टॉटलला सॉक्रेटिसचे म्हणणे उघड अनुभवाच्या विरुद्ध वाटले. ज्ञान असणे वेगळे आणि ते त्या क्षणी जागे असणे वेगळे, असा भेद त्याने केला. दारूच्या नशेत एम्पेडोक्लीसच्या ओळी घडाघडा म्हणणाऱ्याला त्यांचा अर्थ समजत असतोच असे नाही. मोहाच्या घडीला माणसाचे तसेच होते. मात्र प्रत्येक अज्ञान क्षम्य नाही. मिटिलीनीच्या पिट्टॅकसने नशेतल्या गुन्ह्याला जादा शिक्षा ठरवली होती, तिचा ॲरिस्टॉटल उल्लेख करतो. न पिणे त्या माणसाच्या हाती होते, हा त्याचा दाखला.

स्टोइक पंथ पुन्हा सॉक्रेटिसकडे वळला. विकार म्हणजे चुकीचे निर्णय, असे त्याने मानले. युरिपिडीसच्या नाटकातील (इ. स. पू. ४३१) मेडिआ आपण भयंकर कृत्य करतो आहोत हे बोलून दाखवते आणि पोटच्या मुलांना मारते. या पंथाला सर्वांत अडचणीचे उदाहरण हेच. याच पंथातल्या एपिक्टीटसचे उत्तर असे : नवऱ्यावर सूड उगवणे हेच आपले हित, अशी तिची फसगत झाली होती, आंधळ्या-पांगळ्यांची कीव करता, तशी तिचीही करा.