किहीमची सुगरण आणि भरतपूरच्या म्हशी

डॉ. सलीम अली यांचे नाव आमच्या सभा-संमेलनांत निघते ते बहुधा यादीत. टाळ्या पडतात आणि वक्ता पुढच्या नावाकडे वळतो. हा माणूस आयुष्यभर रानात नेमके काय करीत होता, हे आम्ही क्वचितच विचारतो.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईतल्या सुलेमानी बोहरा घराण्यातला. आईवडील लहानपणीच गेले आणि खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजींकडे ते वाढले. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, तेव्हा पोराला पहिला प्रश्न पडला तो हिचे मांस आपल्याला चालते की नाही, हा. तेवढ्यासाठी चिमणी मामांपुढे नेली. मामांना ओळखता येईना, म्हणून त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्डसाहेबांकडे चिठ्ठी देऊन पाठवले. एका शास्त्रज्ञाची सुरुवात हलाल-हरामच्या साध्या शंकेतून झाली, याची आम्हाला मोठी गंमत वाटते.

पुढचा रस्ता मात्र सोपा नव्हता. ब्रह्मदेशात खाण आणि लाकडाच्या धंद्यात जम बसला नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक-व्याख्यात्याची नोकरी लागली. रजा घेऊन बर्लिनला गेले, एर्विन स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शिकले आणि १९३० मध्ये परतले, तर पैशांअभावी ती जागाच रद्द झालेली! चौतिशीच्या उंबरठ्यावरचा विवाहित माणूस बेकार झाला. मुंबईत राहणे परवडेना, म्हणून पत्नी तहमिनाबेगम यांच्यासह अलिबागजवळच्या किहीमला बिऱ्हाड नेले.

आणि तिथे समोर सुगरणींची वसाहत! रोज जायचे, बसायचे, कोणता पक्षी काय करतो ते टिपायचे. क्षेत्र-जीवशास्त्रज्ञाचे काम म्हणतात ते हेच. आपल्या भाषेने या पाखराला स्त्रीलिंगी नाव दिले, बहिणाबाईंनीही घरट्याचे श्रेय पिलांच्या आईलाच दिले. किहीमच्या वहीत निराळेच उतरले. घर विणतो तो नर. अर्धे विणून तो थांबतो. माद्या येऊन पारखतात. एखादीला घर पसंत पडले की मग तो बोगद्यासारखे दार पुरे करतो, ती अंडी घालते, आणि हे महाशय शेजारी दुसरे घर विणायला घेतात, दुसऱ्या मादीसाठी. लोंबणाऱ्या अर्धवट घरट्यांचा उलगडा असा झाला. हा निबंध सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला आणि नोकरी गेलेल्या माणसाला पक्षिशास्त्रात नाव मिळाले.

मग त्यांनी संस्थानांपुढे प्रस्ताव ठेवला : मेहनताना नको, प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च द्या, तुमच्या मुलखातल्या पक्ष्यांची पाहणी करून देतो. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशी ती भ्रमंती. छावणीची सारी व्यवस्था तहमिनाबेगम पाहत. १९३९ मध्ये शस्त्रक्रियेनंतर त्या वारल्या. आमच्या इतिहासात त्यांच्यासारख्या बायकांना एक ओळसुद्धा मिळत नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

भरतपूरचे केवलादेव घाना म्हणजे राजेरजवाड्यांचे शिकारीचे पाणथळ. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेजवानीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. तो आकडा तिथे दगडावर कोरलेला आहे. सलीम अलींना त्याच दिवशी बेचाळीस वर्षे पूर्ण झाली होती. स्वातंत्र्यानंतर हे पाणी आटवून शेती करावी अशी मागणी झाली, तेव्हा त्यांनी नेहरूंपर्यंत जाऊन ते वाचवले. घाना टिकला तो मोठ्या अंशी त्यांच्यामुळे.

पण गोष्ट इथे संपवता येत नाही. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ मध्ये तिथली चराई बंद करण्यात आली. म्हशींनी पाणथळाचे नुकसान होते असेच तेव्हा जाणत्यांचे मत होते, सलीम अलींचेही. आजूबाजूच्या गावांची गुरे पिढ्यान्‌पिढ्या तिथे चरत आलेली. गावकरी चिडून आत घुसले, गोळीबार झाला, माणसे मेली. आणि ज्या संस्थेत सलीम अलींची हयात गेली, त्याच नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ व्ही. एस. विजयन आणि त्यांचे सहकारी १९८० ते १९९० अशी दहा वर्षे तिथे मोजमाप करीत होते. त्यांना दिसले ते उलटेच. म्हशी गेल्या तसे पास्पॅलम जातीचे गवत माजले, उघडे पाणी झाकले गेले आणि पाणपक्ष्यांची जागा आक्रसली. म्हशीच ते गवत खाऊन पाणी मोकळे ठेवीत होत्या.

सलीम अली २० जून १९८७ रोजी गेले. अभ्यास पुरा झाला तो त्यानंतर. तो वाचून ते काय म्हणाले असते, याचा तर्क आम्ही करीत नाही. सुगरणीबद्दल पूर्वी लिहिलेले न जुमानता झाडाखाली बसून राहिलेला माणूस होता तो. घान्याच्या वेळी मात्र गुराख्यांजवळ बसून त्यांचे ऐकायला ना त्यांना वेळ झाला, ना आणखी कोणाला. पुढे गवत कापून नेण्याचे परवाने गावकऱ्यांना मिळाले. म्हशी बाहेरच राहिल्या, विळा घेतलेली माणसे आत आली.