महाराष्ट्रातील सार्वजनिक संस्थांची गणना : नोंदवहीचा इतिहास आणि संस्थांचा इतिहास

नफा न मिळविणाऱ्या संस्थांची देशव्यापी गणना केंद्रीय सांख्यिकी संघटनेने एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतली. तीत २००८ अखेर नोंदलेल्या अशा संस्थांची संख्या सुमारे ३१.७ लाख भरली. त्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या प्राथमिक आकड्यांत महाराष्ट्राचा वाटा सुमारे ४.८ लाख, म्हणजे सर्व राज्यांत अधिक, असा होता. पुढे २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या माहितीत उत्तर प्रदेश सुमारे ५.४८ लाख संस्थांसह पहिला आणि महाराष्ट्र सुमारे ५.१८ लाखांसह दुसरा आला. ह्या आकड्यांवरून महाराष्ट्रातील सार्वजनिक जीवनाच्या समृद्धीविषयी सरळ अनुमान काढण्याचा मोह होतो. एकोणिसाव्या शतकापासून ह्या प्रदेशात ज्या सभा, मंडळ्या व संस्था उदयास आल्या, त्यांची ही स्वाभाविक परिणती होय, असेही म्हटले जाते.

ह्या अनुमानात तथ्यांश नाही असे नाही. तथापि त्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर शोधले पाहिजे. जे मोजले गेले ते नेमके काय? गणना झाली ती संस्थांच्या कार्याची नव्हे, तर कायद्याखालील नोंदींची. ह्या नोंदींना स्वतःचा इतिहास आहे, आणि तो संस्थांच्या इतिहासाशी सर्वत्र जुळत नाही.

१

महाराष्ट्रातील सार्वजनिक दानधर्माचा सर्वांत जुना थर देवस्थाने, मठ, मशिदी, दर्गे व त्यांस लावून दिलेली इनामे ह्यांचा आहे. पेशवाईतील दक्षिणा हीही ह्याच परंपरेतील. एल्फिन्स्टनच्या कारकीर्दीत, १८२१ मध्ये, त्या दक्षिणेचा काही भाग पुण्याच्या संस्कृत पाठशाळेकडे वळविण्यात आला. धर्मादाय द्रव्याचे शिक्षणाकडे झालेले हे संक्रमण पुढील शतकाची दिशा दाखविणारे ठरले.

दुसरा थर सभा व मंडळ्यांचा. पुण्याची सार्वजनिक सभा (१८७०), सत्यशोधक समाज (१८७३), डेक्कन एज्युकेशन सोसायटी (१८८४), महर्षी कर्वे ह्यांचा अनाथ बालिकाश्रम (१८९६), भारत सेवक समाज (१९०५), विठ्ठल रामजी शिंदे ह्यांचे निराश्रित साह्यकारी मंडळ (१९०६), भारत इतिहास संशोधक मंडळ (१९१०), बहिष्कृत हितकारिणी सभा (१९२४) ही नावे सर्वपरिचित आहेत. ह्या संस्थांचे हेतू परस्परांहून भिन्न, क्वचित परस्परविरोधीही होते. सभासदत्व, वर्गणी, घटना व वार्षिक वृत्तान्त हा संघटनेचा नवा आकार मात्र त्यांपैकी बहुतेकींत समान होता. ह्या आकारास कायद्याचे अधिष्ठान १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाने उपलब्ध करून दिले होते. परंतु ती नोंदणी ऐच्छिक होती. ज्या संस्थेस स्वतःच्या नावे मालमत्ता धारण करावयाची वा व्यवहार करावयाचा असे, तीच बहुधा नोंदणीकडे वळे.

ह्याचे बोलके उदाहरण रयत शिक्षण संस्थेचे आहे. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी ती १९१९ मध्ये कऱ्हाडजवळील काले येथे स्थापन केली, आणि १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढले. संस्थेची नोंदणी मात्र १९३५ मध्ये झाली. केवळ नोंदीवरून इतिहास लिहू पाहणाऱ्यास ह्या संस्थेची पहिली सोळा वर्षे दिसणारच नाहीत.

२

नोंदणी ऐच्छिक असल्याने धर्मादाय मालमत्तेच्या अपहारावर उपाय उरे तो न्यायालयाचा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या (१९०८) कलम ९२ खाली ॲडव्होकेट जनरलच्या संमतीने दावा लावता येई, पण हा मार्ग खर्चाचा व विलंबाचा होता. मुंबई प्रांतात १९३५ मध्ये सार्वजनिक न्यासांच्या नोंदणीचा कायदा झाला आणि १९३६ मध्ये पारशी न्यासांसाठी स्वतंत्र कायदा करण्यात आला. स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती तेंडोलकर ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने हा प्रश्न समग्रपणे तपासला, आणि त्यातून मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० हा कायदा निर्माण झाला.

ह्या कायद्याचे वैशिष्ट्य त्याच्या व्याख्येत आहे. सार्वजनिक न्यास ह्या एकाच संज्ञेत देऊळ, मठ, वक्फ, व्यापाऱ्यांनी रूढीनुसार गिऱ्हाइकांकडून गोळा केलेला धर्मादा, आणि १८६० च्या अधिनियमाखाली नोंदलेली धार्मिक वा धर्मादाय हेतूची संस्था ही सारी समाविष्ट झाली. धर्मादाय हेतूंत दारिद्र्य व संकट ह्यांचे निवारण, शिक्षण, वैद्यकीय साह्य आणि सर्वसाधारण लोकोपयोग ह्यांचा अंतर्भाव होता. नोंदवहीचे जे भाग पाडण्यात आले त्यांत ‘ए’ हा हिंदूंच्या, ‘बी’ मुसलमानांच्या, ‘सी’ पारशांच्या, ‘ई’ सर्वसाधारण जनतेसाठी असलेल्या न्यासांचा आणि ‘एफ्’ हा नोंदणीकृत संस्थांचा. गावचे ग्रामदैवत आणि शहरातील महाविद्यालय ही एकाच अधिकाऱ्याच्या, म्हणजे धर्मादाय आयुक्ताच्या, कक्षेत आली. धार्मिक व लौकिक संस्थांस एकाच नोंदणीखाली आणणारी ही व्यवस्था इतर अनेक राज्यांत नाही. महाराष्ट्राची संख्या इतर राज्यांशी ताडून पाहताना हा भेद प्रथम ध्यानी घेतला पाहिजे.

ह्या कायद्यास आव्हानही मिळाले. एका जैन देवालयाचा व्यवस्थापक आणि मुंबईच्या पारशी पंचायतीचे विश्वस्त ह्यांची अपिले सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये, रतिलाल पानाचंद गांधी ह्या प्रकरणात, निकालात काढली. नोंदणी, हिशेब व तपासणी ह्यांची सक्ती न्यायालयाने वैध ठरविली. धर्मादाय आयुक्तास धार्मिक संस्थेचा विश्वस्त नेमण्याची आणि धार्मिक निधी मूळ हेतूखेरीज अन्यत्र वळविण्याची तरतूद मात्र अग्राह्य मानली. अर्थात् संस्थेचा व्यवहार राज्यास पाहता येईल, पण तिची जागा घेता येणार नाही, अशी मर्यादा आखली गेली.

३

मराठी प्रदेशाच्या सर्व भागांस हा कायदा एकाच वेळी लागू नव्हता. विदर्भ मध्यप्रांताच्या व मराठवाडा निजामी राज्याच्या व्यवस्थेखाली होता. हैदराबादेत धर्मादाय संस्था उमूर-ए-मजहबी ह्या सरकारी खात्याच्या कक्षेत येत. १९६० च्या सुधारणेने मुंबईचा कायदा ह्या दोन्ही विभागांस लागू करण्यात आला. त्यामुळे औरंगाबाद वा अमरावती जिल्ह्यातील नोंदी साठीनंतर वाढलेल्या दिसल्या, तर ती वाढ संस्थांची की केवळ नोंदींची, हे वेगळे तपासावे लागते. अमरावतीचे तपोवन (१९४६) आणि वरोड्याचे आनंदवन (१९४९) ही दोन्ही सेवाकेंद्रे ह्या बदलापूर्वीच उभी राहिली होती.

उलटपक्षी काही संस्था नोंदवहीतून बाहेरही गेल्या. पंढरपूरच्या देवळांसाठी १९७३ मध्ये, प्रभादेवीच्या सिद्धिविनायकासाठी १९८० मध्ये व शिर्डीच्या संस्थानासाठी २००४ मध्ये स्वतंत्र कायदे झाले. १९९५ च्या वक्फ अधिनियमानंतर राज्यात वक्फ मंडळ आले. ‘बी’ भागातील प्रत्येक मुस्लिम न्यास वक्फ मानावयाचा काय, हा वाद २०२२ पर्यंत चालला, आणि तसे मानता येत नाही असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला.

गणनेतील दशकवार आकडेही ह्याच सावधगिरीने वाचले पाहिजेत. देशातील नोंदींपैकी १९७० पर्यंतच्या १.४४ लाख, १९७१ ते १९८० मधील १.७९ लाख, पुढील दशकातील ५.५२ लाख आणि १९९१ ते २००० मधील ११.२२ लाख आहेत. ही वाढ सेवावृत्तीच्या उद्रेकाची निदर्शक मानण्यापूर्वी नोंदणीची गरज कशाने वाढली हे पाहणे अगत्याचे आहे. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर १९६७ च्या ग्रंथालय अधिनियमानंतर अनुदान हवे असलेल्या वाचनालयास मान्यता घ्यावी लागली. १९८३ मध्ये विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांस परवानगी मिळू लागल्यावर शिक्षणसंस्था काढण्यास नवे कारण मिळाले. प्राप्तिकरातील सवलत व परदेशी देणगी ह्यांनाही नोंद आवश्यक ठरली. अनुदान, परवानगी व करसवलत ह्यांच्या दाराशी नोंदणीचा उंबरठा उभा राहिला, आणि तो ओलांडणाऱ्यांची संख्या वाढली.

४

नोंदवहीतील संख्येत दोन परस्परविरुद्ध दोष संभवतात. पहिला अधिकाचा. संस्था बंद पडली तरी तिची नोंद आपोआप पुसली जात नाही. वर सांगितलेल्या गणनेच्या दुसऱ्या टप्प्यात सुमारे २२ लाख संस्थांचा प्रत्यक्ष शोध घेण्यात आला, तेव्हा त्यांपैकी केवळ सुमारे ७ लाख सापडल्या. २०१५ मधील माहितीनुसार सुमारे ३० लाख संस्थांपैकी वार्षिक हिशेब देणाऱ्या सुमारे २.९ लाखच होत्या. महाराष्ट्रात तर एकच संस्था १८६० च्या व १९५० च्या अशा दोन्ही कायद्यांखाली नोंदलेली असते. त्यामुळे दोन याद्यांची बेरीज करणाऱ्याकडून ती दोनदा मोजली जाण्याचा धोका असतो.

दुसरा दोष न्यूनाचा. मुंबईच्या गिरणगावात कोकणातील एकेका गावाच्या लोकांनी खोल्या घेऊन चालविलेली ग्रामस्थ मंडळे, गोमंतकीयांचे कूड, स्त्रियांच्या भिशी, वारीतील दिंड्या ह्यांनी परस्परसाह्याचे जे कार्य केले त्याचा पुष्कळसा भाग कोणत्याही नोंदवहीत आला नाही. गणेशोत्सवापुरती वर्गणीची परवानगी घेऊन काम करणारे मंडळ कायद्याच्या दृष्टीस पडते ते काही दिवसांपुरते.

ह्यावरून नोंदवही निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. तिचे खरे मोल संख्येत नसून तपशिलात आहे. नोंदणीच्या अर्जात न्यासाचा उगम, उद्दिष्ट, विश्वस्त, त्यांच्या उत्तराधिकाराची रीत, स्थावरजंगम मालमत्ता आणि वार्षिक जमाखर्च द्यावा लागतो, आणि त्यावर चौकशी होते. देवस्थान खासगी की सार्वजनिक हा वाद ह्या चौकशीत उपस्थित होतो, तेव्हा पुजारी, गावकरी व वंशपरंपरागत वहिवाटदार ह्यांचे हक्क शब्दबद्ध होतात. विश्वस्त बदलले की बदल अर्ज द्यावा लागतो. त्या अर्जास हरकत घेतली गेली, तर संस्थेतील पक्षभेद, जातीय समतोल व पिढ्यांचा संघर्ष कागदावर उतरतो. शिक्षणसंस्था समाजसेवेकडून सत्ताकारणाकडे कशी वळली, हे वार्षिक वृत्तान्तापेक्षा ह्या हरकतींत अधिक स्पष्ट दिसू शकते.

जिल्ह्याजिल्ह्यांतील न्यास नोंदणी कार्यालयांचे हे कागद इतिहासाच्या अभ्यासकास अद्याप पुरेसे परिचित नाहीत. निष्क्रिय न्यासांची नोंद रद्द करण्याची मोहीम प्रशासनाच्या दृष्टीने योग्यच होय. परंतु नोंद रद्द होणे आणि कागद नष्ट होणे ह्यांत भेद राहिला पाहिजे. बंद पडलेली व्यायामशाळा, विसर्जित झालेली कामगार वाचनालये, एका पिढीपुरते चाललेले वसतिगृह ह्यांचा पुरावा पुष्कळदा तेवढ्या एका फायलीत उरलेला असतो. जिवंत संस्था स्वतःचा इतिहास लिहून घेतात. मृत संस्थांची स्मृती राखण्याचे काम मात्र नोंदवहीवाचून दुसरे कोणी करीत नाही. म्हणून नोंदींची संख्या किती, ह्यापेक्षा एकेका नोंदीमागील संस्था कशी जन्मली, कशावर जगली आणि का संपली, ह्या प्रश्नांकडे महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाच्या अभ्यासकाने वळणे इष्ट आहे.