अंदाजाचं बिल

आज बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात जाऊ या. इथल्या शेडमध्ये सीएनसी यंत्रं धातू कापतात आणि कामाच्या नोंदी साधा संगणक ठेवतो. त्याच्या प्रोसेसरची ही गोष्ट.

1995 साली इंटेलचा पेंटियम प्रो आला. पुढे काय करावं लागेल याचा अंदाज बांधून तो काम आधीच उरकायचा. अंदाज चुकला की टाकून द्यायचा. वेग वाढला. ही युक्ती पुढे सगळीकडे पसरली. पण टाकलेल्या कामाच्या खुणा कॅशेमध्ये उरतात आणि त्यावरून गुपितं चोरता येतात, हे 3 जानेवारी 2018 रोजी जगजाहीर झालं. त्या त्रुटींची नावं मेल्टडाउन आणि स्पेक्टर.

घाईघाईनं पॅच आले. काही संगणकांचा वेग घटला. एएमडीचे काही जुने संगणक विंडोजच्या पॅचनंतर सुरूच होईनात. इंटेलच्या पॅचमुळे संगणक आपोआप रीस्टार्ट होऊ लागले; 22 जानेवारीला कंपनीनंच 'तूर्त थांबा' म्हटलं. कारखान्यांच्या नोंदी ठेवणारं वंडरवेअर हिस्टोरियनही डळमळलं.

घरचा संगणक अडला तर आपण चहा पिऊन येतो. शेडमध्ये अख्खी पाळी थांबते. म्हणून पॅच टाळू नका; बॅकअप घ्या, सुट्टीच्या दिवशी आधी एकाच संगणकावर बसवून बघा. 22 वर्षं उधारीवर वापरलेल्या वेगाचं हे बिल आहे. ते चुकवायचंच, पण यंत्र चालू ठेवून.