बिघाड दिसतो एकीकडे, असतो दुसरीकडे

डेस्कटॉप संगणक बंद पडताना पडद्यावर जो संदेश येतो, तो बिघाड कुठे उघडकीला आला एवढेच सांगतो. तो कुठे उपजला, हे त्या संदेशाला ठाऊक नसते. दुरुस्तीवरचा बराचसा वायफळ खर्च या दोन गोष्टी एकच मानल्यामुळे होतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद दिसली की लोक एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, बदलायला धावतात. नोंदीचा अर्थ मात्र एवढाच, की मागच्या खेपेला यंत्र रीतसर बंद झाले नाही. घरातली वीज गेली, यंत्र हँग झाले किंवा कोणी बटण दाबून धरले, तरी नोंद तीच.

असे का होते? संगणकातला प्रत्येक भाग दुसऱ्याकडून वीज आणि माहिती घेतो, आणि मिळालेले बरोबर आहे असे गृहीत धरून पुढे जातो. चूक पुढे सरकत राहते आणि जिथे तपासणी होते तिथे बोभाटा होतो. आरोप अर्थातच तपासणाऱ्यावर येतो.

याचे अलीकडचे उत्तम उदाहरण इंटेलचे आहे. २०२३-२४ मध्ये अनरिअल इंजिनवर बनवलेले गेम सुरू करताना अनेकांना व्हिडिओ मेमरी अपुरी असल्याचा संदेश येऊ लागला. २४ जीबी मेमरीचे ग्राफिक्स कार्ड असलेलेही त्यातून सुटले नाहीत. साहजिकच एनव्हिडियाचे ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकले गेले, कार्डे बदलली गेली. पण गेम सुरू होताना आकुंचित करून ठेवलेली माहिती उलगडावी लागते आणि ते काम प्रोसेसरचे असते. इंटेलचे १३व्या आणि १४व्या पिढीतले वेगवान प्रोसेसर हे उलगडताना चुकत होते, आणि गेम त्या चुकीला मेमरीच्या टंचाईचे नाव देत होता. प्रोसेसरचा वेग किंचित उतरवला की पुष्कळ यंत्रांवर संदेश नाहीसा होई; ग्राफिक्स कार्डाला हातही लावावा लागत नसे. खरा पुरावा तो होता. प्रमाणाबाहेर व्होल्टेज आणि उष्णतेमुळे प्रोसेसरमधले घड्याळ-संकेतांचे मंडल झिजते, असे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केले, प्रोसेसरमधली अंतर्गत आज्ञावली, म्हणजे मायक्रोकोड, सुधारली आणि वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. झिजलेला प्रोसेसर मात्र मायक्रोकोडने बरा होत नाही.

रॅमची गत याहून फसवी. विंडोज टाकताना एकदा ३० टक्क्यांवर अडते, पुढच्या वेळी ७० वर. निळा पडदा दर वेळी वेगळे कारण सांगतो. इथे एक ढोबळ कसोटी उपयोगी पडते: सॉफ्टवेअरची चूक बहुधा एकाच जागी अडून बसते, हार्डवेअरची जागा बदलत राहते. अशा वेळी पुन्हा पुन्हा फॉरमॅट मारण्यापेक्षा मेमटेस्ट रात्रभर चालू ठेवावी. त्याआधी बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅम वाढीव वेगाने चालवणारे सेटिंग, चालू आहे का, हेही बघावे. पाकिटावर छापलेला वेग बहुधा त्याच सेटिंगचा असतो आणि तो प्रत्येक मदरबोर्डाला पेलेलच असे नाही.

हार्ड डिस्कच्या बाबतीत तिने स्वतःच ठेवलेल्या तब्येतीच्या, म्हणजे स्मार्ट, अहवालातला १९९ क्रमांकाचा आकडा बघावा. तो वाढत असेल, तर डिस्क आणि मदरबोर्डामधल्या वाटेवर माहिती बिघडते आहे. बहुतेक वेळा दोष साटा केबलचा असतो. ५ आणि १९७ हे आकडे वाढत असतील, तर मात्र डिस्कचेच दिवस भरले. केबल बदलल्यावर १९९ चा आकडा शून्यावर येत नाही, फक्त वाढायचा थांबतो. हे माहीत नसल्याने चांगल्या डिस्का भंगारात जातात.

एसएमपीएसची परीक्षा सर्वांत चुकीची घेतली जाते. हिरवी तार काळीला जोडली, पंखा फिरला, म्हणजे एसएमपीएस ठीक! वास्तविक त्यातून तो सुरू होतो एवढेच कळते. १२ व्होल्टची तार भार असतानाही ११.४ ते १२.६ च्या आत राहायला हवी. तिच्यावरचा तरंग, म्हणजे व्होल्टेजची बारीक थरथर, १२० मिलिव्होल्टच्या पुढे जाता कामा नये, आणि तो साध्या मल्टिमीटरला दिसत नाही. कपॅसिटर सुकले की हा तरंग वाढतो, आणि यंत्र नेमके गेम किंवा व्हिडिओ रेंडर करतानाच कोसळते. दोष ग्राफिक्स कार्डाच्या माथी.

आपल्याकडच्या जुन्या घरांत आणखी एक गुन्हेगार असतो, तो संगणकाच्या बाहेर. तीन पिनांच्या सॉकेटमधली वरची, अर्थिंगची पिन कुठेच जोडलेली नसते. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात, त्यामुळे अर्थिंग नसले की पत्रा २३० च्या निम्म्या, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. प्रवाह अगदी अल्प असतो, म्हणून फक्त झिणझिण्या येतात. पण स्पीकर गुणगुणतात, आणि टीव्हीची एचडीएमआय केबल चालू स्थितीत खोचताना पोर्ट जळू शकतो. मग नवे स्पीकर येतात, नवे कार्ड येते. इलेक्ट्रिशियन येत नाही.

या सगळ्यावर अदलाबदल हीच पद्धत खरी, पण तीही अर्धवट केली जाते. रॅम काढून दुसरी लावली आणि डिस्प्ले आला, म्हणून पहिली रॅम खराब, असे ठरत नाही. काढता-घालताना स्लॉटमधले संपर्क घासले गेले आणि तेवढ्यानेच काम झाले, हेही शक्य आहे. म्हणून एका वेळी एकच बदल करावा, आणि चालू झालेल्या यंत्रात जुना भाग परत लावून पाहावा. बिघाड परत आला, तरच दोष त्या भागाचा.

तेव्हा 'बोर्ड गेला' असे ऐकल्यावर पैसे काढण्याआधी दुकानदाराला सांगा: जुना भाग परत लावा आणि माझ्यासमोर बिघाड दाखवा.