कोडग्या मुलाची नाडी

२००९ च्या कायद्याने छडी गेली. ‘कोडगा’ हा शब्द मात्र आम्हां शिक्षकांच्या तोंडी राहिला. भय वाटताच अधिवृक्क ग्रंथींचा रस रक्तात उतरतो नि काळीज धडधडते, हे अमेरिकेत वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली ग्रंथरूपाने मांडले. शिक्षेचा सारा भरवसा या धडधडीवरच! पण १९९० साली एड्रियन रेन व सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील १०१ शाळकरी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वयाच्या २४ व्या वर्षापर्यंत जे गुन्हेगार ठरले, त्यांची नाडी १५ व्या वर्षीच सरासरीने इतरांहून संथ होती. त्यांना भय कमी जाणवत असावे, असा एक तर्क आहे. नाडी म्हणजे ललाटलेख नव्हे. पण ज्याच्या देहात भयाची घंटाच हळू वाजते, त्याला दम देऊन आम्ही काय शिकवणार?